मुठीतले तांदूळ

‘पण गोष्टीत उणं काय होतं, बुवा?’

श्रीरंग खांबेटे सकाळपासून हेच विचारत होता.

सोमगिरीबुवा मठामागच्या झऱ्याशी उकिडवे बसले होते. तांब्या धारेखाली धरलेला. तो भरला, त्यांनी आत पाहिलं आणि पाणी ओतून दिलं.

पुन्हा धरला. पुन्हा ओतून दिला.

‘बुवा, मी काही विचारतोय.’

‘ऐकतोय.’

‘काल सगळी वाडी रडली. हौसाबाय तर पदर तोंडात कोंबून बसली होती. म्हातारे डोळे पुसत होते.’

‘मग?’

‘मग काय?’

‘रडून झाल्यावर काय केलं त्यांनी?’



‘तांदूळ वाहिले. फुटाणे घेतले. घरी गेले.’

‘कुठल्या घरी?’

‘…वरच्या.’

बुवांनी तांब्या पुन्हा धारेखाली धरला.

मठाच्या वर, डोंगराच्या कुशीत, वरची वाडी होती. आषाढात डोंगराच्या पाठीला भेग पडली. गुराख्यांना ती दिसली तेव्हा तिच्यात बोट जाईल एवढी होती. आता काठी जात होती. तालुक्याहून माणसं आली, खाली रस्त्यालगतच्या शाळेत राहायला या म्हणून सांगून गेली. वाडीने माना डोलावल्या. खाली कोणी आलं नाही. गुरं होती, चुली होत्या, देव होते.

वाडी कोणाचं ऐकत नाही, पण गोष्ट ऐकते. म्हणून बुवांनी काल श्रीरंगला वर पाठवलं होतं. गोष्ट सांग आणि माणसं खाली आण, एवढंच सांगून.

श्रीरंग शहरातल्या महाविद्यालयात कथाशास्त्र शिकवायचा. कथेच्या अंगांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला होता. पुस्तकात सापडत नाही ते शिकायला मठात आलो, असं तो सांगे. बुवांनाही आपल्याकडून थोडं शिकता येईल, असं त्याला वाटे. ते तो सांगत नसे.

‘काय सांगितलंस?’ बुवांनी विचारलं.

‘राजाची गोष्ट.’ श्रीरंगला बरं वाटलं. तो बोटं दुमडत बोलू लागला. ‘पात्रं मोजकी आणि ठसठशीत. स्थळ त्यांना ओळखीचं वाटेल असं, पण त्यांचं नव्हे. काळ जुना. संघर्ष राजाचा आणि धनगराचा. धनगर म्हणतो डोंगर हलतोय. राजा म्हणतो, माझ्या राज्यात माझ्या हुकुमाशिवाय काही हलत नाही. ताण हळूहळू चढवत नेला. आणि शेवटी…’

‘शेवटी?’

‘डोंगर कोसळतो. राजा, महाल, केस विंचरत बसलेली राणी, सगळं गाडलं जातं. धनगर तेवढा उरतो. तात्पर्य मी मुद्दाम सांगितलं नाही. ते त्यांनीच काढायला हवं.’

‘कोसळला डोंगर?’

‘गोष्टीत. हो.’

‘मग झालं तर.’ बुवा म्हणाले. ‘काल कोसळलेला डोंगर आज पुन्हा कशाला कोसळेल?’

श्रीरंगची दुमडलेली बोटं सुटली.

बुवांनी तांब्या त्याच्यापुढे केला. पाणी तांबडं होतं, गेरू कालवल्यासारखं.

‘काल असं नव्हतं,’ ते म्हणाले.

तांब्यातलं पाणी हलत होतं. बुवांचा हात थरथरत होता. मठाच्या उंबऱ्यावर निघालेलं विषारी फुरसं काठीने बाजूला सारताना श्रीरंगने हा हात पाहिला होता. तेव्हा तो हलला नव्हता.

‘बुवा, तुम्ही…’

‘हो. भ्यालोय. चल.’

*

चढणीवर बारीक पाऊस होता. वाटेकडेचं ऐनाचं एक झाड खाली कललं होतं. वरच्या अंगाची मुळं दोरासारखी ताणलेली. बुवांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

‘तुम्ही कोणती सांगणार?’ श्रीरंगने धापा टाकत विचारलं.

‘बघू.’

‘कथानक तरी?’

‘वर गेल्यावर बघू.’

‘निदान शेवट? शेवट ठाऊक असल्याशिवाय सुरुवात करू नये, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो.’

‘चांगलं शिकवतोस.’

थोडं वर गेल्यावर बुवा थबकले. मान तिरकी करून ऐकत राहिले.

‘काय झालं?’

‘काही ऐकू येतंय?’

श्रीरंगने कान दिला. पाऊस. त्याचा स्वतःचा श्वास.

‘काहीच नाही.’

‘हं. तेच. पाखरं कुठे गेली?’

श्रीरंग घाईने चालू लागला.

*

श्रावणातला शुक्रवार होता. देवळाच्या मागच्या भिंतीवर जिवतीचं चित्र लावलेलं होतं. पोराबाळांची राखण करणारी देवी. बाया नुकतीच पूजा आटोपून टेकल्या होत्या. बुवा स्वतः आले म्हटल्यावर पुरुषही गोळा झाले.

‘आज पुन्यांदा गोष्ट?’ हौसाबाय म्हणाली. वाडीतली सगळ्यांत मोठी बाई ती. ‘कालचीच अजून पोटात हाय, बुवा. राणी बिचारी. केस तरी विंचरून व्हायचे होते तिचे.’

‘आवडली?’

‘लय ग्वाड. रात्री अशी झोप लागली म्हनताव…’

श्रीरंग खाली बघू लागला.

खांबाला टेकून हौसाबायचा मुलगा बारकू उभा होता. ‘काल शास्त्रीबुवांनी डोंगर पाडला,’ तो श्रीरंगकडे बघत म्हणाला. ‘आज तुमी समुद्र आना.’

सगळे हसले. बुवाही हसले.

‘हौसा, तुझं दार लागतं का गं?’

‘न्हाई वो. चार दिस झाले, अडतंय. लाकूड फुगलंय पावसानं.’

‘माजंबी,’ दुसरी कोणी म्हणाली.

‘माजी तर खिडकी.’

बुवांनी मान हलवली. मग बसले.

वाडीची एक रीत होती. श्रावणात गोष्ट ऐकायची ती उजव्या मुठीत हळदीचे तांदूळ धरून. गोष्ट संपली की ते देवीला वाहायचे. गोष्ट संपण्याआधी मूठ उघडायची नाही. आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने सांगणाऱ्याला ‘हं’ म्हणत राहायचं, म्हणजे आपलं ऐकलं जातंय हे त्याला कळतं.

हौसाबाय ताटलीतले तांदूळ वाटत फिरली. पोरांच्याही हातावर तिने दोन दोन दाणे ठेवले. बारकूपुढे आली तेव्हा त्याने हात मागे घेतले.

‘बायांची गोष्ट. मला ऐकून काय बाळंत व्हायचंय?’

‘मूठभर अक्कल दिली असती, पन तीबी तू घेतली नसतीस,’ हौसाबाय म्हणाली आणि बुवांसमोर येऊन बसली.

‘एक वाडी होती,’ बुवा म्हणाले.

‘हं.’

‘वाडीत एक बाई होती. तिच्या घराचं दार अडत होतं.’

हशा पिकला. कोणीतरी हौसाबायला कोपर मारलं.

‘हं,’ ती हसत म्हणाली.

‘वाडीखाली एक झरा होता. एक दिवस त्याचं पाणी तांबडं आलं.’

‘हं…’

‘त्या दिवशी पाखरं उडून गेली.’

आता कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने बाहेरच्या उंबराकडे मान वळवली आणि तो तसाच बघत राहिला.

‘त्या दिवशी वाडीत एक माणूस आला. म्हातारा. त्याला वाटलं…’

बुवा थांबले.

‘हं,’ हौसाबाय म्हणाली.



इथे थांबणं योग्यच आहे, असं श्रीरंगच्या मनात आलं. उत्कंठेच्या जागी विराम. ग्रंथात त्याने यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण विराम लांबला. विरामाइतका राहिला नाही. त्याने बुवांकडे पाहिलं. ते श्रोत्यांकडे बघतच नव्हते. ते जिवतीच्या चित्रामागच्या भिंतीकडे बघत होते. नव्या चुन्यावर, चित्राच्या वरून खालपर्यंत, केसासारखी एक रेघ उतरली होती.

बुवांचे ओठ हलत होते. शब्द येत नव्हते.

‘मग, बुवा? काय वाटलं त्याला?’

बुवांनी काठी घेतली. उठले.

‘पुढचं मला इथे बसून सांगवत नाही,’ ते म्हणाले. ‘खाली शाळेत सांगतो.’

आणि ते चालू लागले.

देवळात एकच गलका झाला.

‘अवो, पन…’

‘म्हातारचळ लागला बुवाला.’

‘एवढ्या चिखलात? गोष्टीपायी?’

‘टाका ते तांदूळ आनि चला जेवायला,’ बारकू म्हणाला. ‘उद्या सांगंल पुढचं.’

एकही मूठ उघडली नाही.

‘अर्ध्या गोष्टीचे तांदूळ टाकू?’ हौसाबाय म्हणाली. आवाज खाली आला होता. ‘जिवतीम्होरं? माजी नातवंडं हायती घरात, बारक्या.’

तिने स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने नातीचं मनगट धरलं आणि पायरी उतरली.

*

वाडी एका हाताने उतरली.

एकीने कोंबडी डाव्या काखेत दाबली. एकाने पोर डाव्या खांद्यावर घेतलं. एक तरणी बाई दाव्याची गाठ सोडत रडकुंडीला आली.

‘डाव्या हातानं म्हस सुटंना गं.’

‘दातानं सोड. म्हशीला काय कळतंय.’

डोंगराचं नाव कोणी काढलं नाही. सगळे गोष्टीसाठी चालले होते. तरी पावलं भराभर पडत होती, आणि उतारावर कोणी मागे वळून पाहत नव्हतं.

श्रीरंग सगळ्यांच्या मागे होता. त्याने एकदा वळून पाहिलं. रिकाम्या घरांच्या कौलांतून अजून धूर निघत होता. हौसाबायच्या दारात बारकू बसला होता, हात छातीशी बांधून.

‘चला की,’ श्रीरंग म्हणाला.

‘तुमी व्हा म्होरं. मला गोष्टीतलं काय कळत न्हाई.’

श्रीरंगने अजून काही म्हणायला हवं होतं. पायाखालची माती मऊ लागली. तो पुढे निघाला.

*

शाळा ओढ्यापलीकडे, सपाटीवर होती. मधे लाकडी साकव. वर्गात सगळे दाटीने बसले. पाऊस वाढला होता. खिडकीतून डोंगर दिसायला हवा होता, तिथे ढग होता.

‘सांगा की, बुवा.’

‘सगळे आले?’

‘बारकू न्हाई आला,’ हौसाबाय म्हणाली.

‘येऊ दे.’

दिवस कलत गेला. मुठींत घाम सुटला. बोटांच्या फटींतून हळद मनगटावर उतरू लागली. पोरं कंटाळून झोपली, तीही मुठी मिटून. लोक चिडले, मग कुजबुजू लागले, मग गप्प बसले. बुवा खिडकीशी उभे होते.

श्रीरंग त्यांच्याजवळ गेला.

‘बुवा,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘शेवट काय आहे?’

‘ठाऊक नाही.’

‘खरंच?’

‘खरंच.’

‘आणि डोंगर पडलाच नाही तर? उद्या लख्ख ऊन पडलं तर? ही माणसं तुम्हाला हसत वर जातील. पुन्हा कोणाच्या सांगण्याने खाली येणार नाहीत.’

‘हो.’

‘मग?’

‘त्याचीच भीती वाटते,’ बुवा म्हणाले. ‘आणि पडला तर, त्याचीही.’

श्रीरंग खिडकीबाहेर बघत राहिला. वाडी रिकामी. माणसं खाली. मुठी मिटलेल्या. गोष्ट कशी बेतशीर येऊन थांबली होती. आता एकच घडायचं राहिलं होतं. ते घडलं की बुवा खरे ठरतील, सगळ्यांना कळेल, सगळं जुळून येईल…

घडावं, असं त्याला वाटलं.

‘काय मागितलंस आत्ता?’

बुवांनी मान वळवली नव्हती.

‘काही नाही.’

‘बारकू वर आहे,’ बुवा म्हणाले.

श्रीरंग दाराकडे वळला.

तेवढ्यात आवाज आला. वरून. माळ्यावर कोणी जडशी पेटी ओढत न्यावी तसा. बराच वेळ आला. थांबला.

वर्गात कोणी हललं नाही. झोपलेली पोरंही जागी झाली आणि रडली नाहीत.

हौसाबाय उठून दारात गेली. तिची मूठ छातीशी होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक निघाली नाही.

श्रीरंग तिच्या बाजूने बाहेर पडला. साकवापर्यंत तो धावत गेला, तिथून पुढे त्याचे पाय उचलेनात. खाली ओढा तांबडा वाहत होता. पलीकडे धुकं. त्याने कधी देवापुढे हात जोडले नव्हते. आताही जोडले नाहीत, कठडा धरून उभा राहिला. पडू नको, असं तो म्हणत होता. कोणाला, ते त्याला ठाऊक नव्हतं. मघाशी मागितलं ते मी मागितलं नाही. पडू नको.

धुक्यातून एक शिंग बाहेर आलं. मग म्हैस. मग तिच्या शेपटीला धरलेला, छातीपर्यंत चिखलाने माखलेला बारकू. तो म्हशीला, पावसाला आणि बुवांना आळीपाळीने शिव्या देत होता.

‘काय झालं वर?’ श्रीरंगने विचारलं.

‘देवळाची मागची भित…’ बारकूचे दात वाजत होते. ‘बसली. जिवतीसकट. मी बघत हुतो.’

‘आणि डोंगर?’

‘हाय. अजून हाय.’ त्याने एकदा मागे पाहिलं. ‘आवाज करतोय.’

दोघं साकवावरून आले. मधेच बारकू थांबला.

‘शास्त्री.’

‘काय?’

‘त्या म्हाताऱ्याला काय वाटलं वो पुढं?’

*

हौसाबायने आधी डाव्या हाताने बारकूच्या थोबाडीत मारली. मग त्याच डाव्या हाताने त्याला जवळ ओढलं. उजवी मूठ तिने तेव्हाही उघडली नाही.

बारकूने ओला हात पुढे केला.

‘मलाबी दे दोन दाने.’

या वेळी तिने टोमणा मारला नाही. कनवटीची पुरचुंडी तिने दाताने सोडली.

भिंत बसल्याचं ऐकून वर्गात कुजबूज झाली, आणि विझली. मग एक म्हातारा म्हणाला, ‘आता समदे आले, बुवा. संपवा गोष्ट. हात आखडले. जनावरांचं बघायचंय वर. एक भित पडली म्हनून काय घर टाकायचं?’

‘व्हय, संपवा.’

‘संपवा एकदाची.’

बुवा खिडकीपासून निघाले. श्रीरंगसमोर आले.

‘याला शेवट येतो,’ ते लोकांना म्हणाले. ‘हा सांगेल.’

‘बुवा…’

बुवांनी हौसाबायपुढे हात केला. तिने तांदूळ ठेवले. त्यांनी मूठ मिटली आणि ते बारकूच्या शेजारी, पोरांच्या रांगेत, जमिनीवर बसले.

श्रीरंग फळ्यापुढे उभा राहिला. अशा जागी तो आयुष्यभर उभा राहिला होता.

त्याला शेवट येत होते. अनेक येत होते. डोंगर पडला, असं सांगता आलं असतं. मग ही माणसं रडतील, मुठी उघडतील, आणि सकाळी वर जातील. डोंगर पडला नाही, असंही सांगता आलं असतं. मग हसतील, मुठी उघडतील, आणि आत्ताच वर जातील. देवीने वाडी वाचवली, असा एक होता. तो सगळ्यांत सुरेख होता. त्याने तर मुठी लगेच उघडल्या असत्या.

सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. मांडीवर पिवळ्या पडलेल्या मुठी.

‘मग…’ तो म्हणाला.

बाहेर अंधारून येत होतं.

‘मग त्या म्हाताऱ्याला…’

वरून पुन्हा तो आवाज आला. या वेळी लहान.

श्रीरंगने आपल्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते, आणि हलत होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला समजेना.

‘मला भीती वाटते,’ तो म्हणाला.

कोणी हसलं नाही.

पोरांच्या रांगेतून सोमगिरीबुवा थोडे पुढे सरकले. मूठ घट्ट मिटलेली. त्यांनी मान वर केली.

‘हं,’ ते म्हणाले. ‘मग?’